कावीळ, पहिल्या नंबरवर

मी लिहून पोट भरतो, असं नातेवाइकांना सांगायचो. खोटं नव्हतं. अंधेरीतल्या एका गाळ्यात बसून मी वेबसाइटची पानं लिहायचो. माणसांनी वाचावीत म्हणून नव्हे, सर्चच्या यंत्राने ती वर ठेवावीत म्हणून.

या यंत्राला भाषा समजते, असं आमचा साहेब कौतुकाने म्हणायचा. डोंबल समजते. विचारलेल्या शब्दांशी मिळतंजुळतं कुठल्या पानावर आहे, लोक तिथे किती रेंगाळतात, लगेच मागे फिरतात का, एवढंच त्याला कळतं. ज्याला कधी ताप आला नाही, त्याला आजाऱ्याचं बोलणं काय कळणार. इंग्रजीत विचारलंत तर निदान डॉक्टरांची चार पानं पुढे येतात. मराठीत लिहायचा त्यांना कमीपणा वाटत असावा. तिथे आमच्यासारख्यांना रान मोकळं.

घाटकोपरच्या एका चाळीत एक बुवा कावीळ उतरवायचा. कसलासा पाला लावून रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचे. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरतेय. मी बघायला गेलो तेव्हा त्याने माझेही हात धुतले. पाणी पिवळं झालं. मला कावीळ नव्हती. तरीही परत येऊन मी त्याचं पान लिहायला घेतलं.

मुलुंड, बोरिवली, सांताक्रूझ, मानखुर्द. मजकूर एकच, उपनगराचं नाव तेवढं बदललेलं. पत्ता मुद्दाम तळाशी, म्हणजे लोक खाली खाली जात राहतात आणि यंत्राला वाटतं, वाचताहेत. मथळा मात्र माझ्या ताईच्या तोंडचा. भाचीला लहानपणी कावीळ झाली तेव्हा ताईने मला फोनवर विचारलं होतं, "डोळे पिवळे दिसतायत, कावीळ असेल का रे, औषध कुठे देतात?" तेव्हा मी तिला डॉक्टरकडे पाठवलं होतं. आमची कोकणातली माणसं असंच विचारतात, म्हणून ते वाक्य 'रे' काढून मी जसंच्या तसं उचललं. शेवटी बोरिवलीच्या एका बाईचा 'अनुभव', तोही मीच रचलेला: मिस्टरांना तीन फेऱ्यांत आराम पडला, दवाखान्याची गरजच लागली नाही.

महिन्याभरात पान पहिल्या नंबरवर आलं. साहेबाने सामोसे मागवले. मी दोन खाल्ले.

पुढच्या वर्षी मुलुंडला भावोजींचे डोळे पिवळे झाले. ते डॉक्टरचं नाव काढू देईनात. ताईने या वेळी मला फोन केला नाही, यंत्राला विचारलं, नेहमीच्या तिच्या शब्दांत. त्या बिनडोकाने तिचंच वाक्य तिच्यापुढे उत्तर म्हणून ठेवलं. तीन फेऱ्या झाल्या, दर वेळी पाणी पिवळं झालं. भावोजी असंबद्ध बोलायला लागले तेव्हा कुठे हॉस्पिटलमध्ये नेलं. उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत भावोजी गेले.

तेराव्याला ताई येईल त्याला सांगत होती की मीच शोधलं, मीच नेलं. मी पंगतीत वाढत होतो. दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन ती सगळी पानं काढून टाकली, नोकरी सोडली आणि गप्प बसलो. सहा वर्षं तिला स्वतःला दोष देऊ दिला. यंत्राला लाज नसते. मला होती, आणि मी ती गुंडाळून ठेवली.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो. ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होती. माझ्या हातांखालच्या पिवळ्या पाण्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली नाही. पुढचा बांगडा हातात घेत तिने विचारलं, "आणि ती बोरिवलीची बाई?"

"तीही मीच."

तिने सुरी खाली ठेवली. "त्या बुवावर माझा विश्वास नव्हताच रे. त्या बाईवर होता."

मग हात धुवून ती आत गेली. जेवून जा, असं म्हणाली नाही.