कोमट भात

लालबागच्या आमच्या इमारतीत शेजारच्या ताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पातेल्याला हात लावतात. पोराच्या कपाळाचा ताप बघावा तसा, पालथ्या हाताने. मग विचारतात, "गॅसवरून कधी उतरवलं?" कशा आहात, बऱ्या आहात, ते नंतर. अन्नाचे नमुने तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बायका वैतागतात. मीही वैतागायचे.

यंदा इमारतीच्या सत्यनारायणाला पोथी संपली, मसालेभात तयार होता, पण आरती अडली. नगरसेवक साहेब यायचे होते. आरती नाही म्हणजे नैवेद्य नाही, आणि नैवेद्याआधी कुणी जेवणार नाही. दुपारचा उकाडा, पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. ताई सारख्या पातेल्याला हात लावून बघत होत्या.

"गरम आहे तोवर ठीक," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "कोमट झालं की जंतूंचा संसार सुरू होतो त्यात."

"ताई, दहा मिनिटं. साहेब निघालेत."

ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आरतीचं तबक उचललं आणि खड्या आवाजात सुरुवातच केली. सुरू झालेल्या आरतीत गप्प कोण उभं राहणार? सेक्रेटरीही टाळ्या वाजवायला लागले. मी तर सगळ्यात मोठ्याने म्हणत होते.

साहेब आले तेव्हा पातेलं घासायला गेलं होतं. सेक्रेटरी घामाघूम. ताईंनी हसून साहेबांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

"घ्या साहेब. ही कितीही वेळ थांबते."