ऐनाखालची बुरशी

लोणावळ्याच्या बंगल्यांची गंगीला शिसारी यायची. जिथं तिथं फिनेलचा वास, आणि अंगणात एक पान पडलं की झाडू घेऊन धावाधाव! तरी पोटासाठी ती भाजे गावच्या डोंगरातली कुजक्या पानांची माती तिथल्या बागांना नेऊन द्यायची. पानं उचकली की खाली पांढऱ्या बुरशीचं जाळं लागे. ते मुळांशी घातलं की मरगळलेलं झाड जीव धरायचं. सासूनं घालून दिलेली रीत एकच होती: एका झाडाखालून एकच ओंजळ घ्यायची आणि उचकलेली पानं पुन्हा पांघरायची.

चौसष्ट सालच्या भादव्यात भुशीकडच्या एका बंगल्याचा माळी, बजरंग, तिच्या झोपडीशी आला. बाईसाहेबांची अनंताची झाडं पिवळी पडली होती. झाडं गेली तर त्याचीही नोकरी जाणार होती.

"मावशी, वंजळीनं काय हुतंय? दोन पाट्या आण."

"आमी तसं न्हाई करत."

"येकदाच! माज्या पोरांकडं बघ की."

गंगी विरघळली. तिनं रानातल्या सगळ्यात जुन्या ऐनाच्या झाडाखालची जमीन खरवडून दोन पाट्या भरल्या आणि पोचवल्या.

चौथ्या दिवशी ती झाडं बघायला गेली, तर फाटकातच नाकात फिनेल शिरलं. अनंताच्या आळ्यांत दुधासारखं पांढरं पाणी साचलं होतं.

"ह्ये काय केलंस?"

बजरंग खाली बघत म्हणाला, "बाईसाहेबांनी बुरशी पाह्यली. म्हनाल्या, शी, रोगराई व्हईल. म्हून साफ केलं."

"आरं, जितं हुतं त्ये!"

साफ म्हणे! असल्या सफाईला आग लागो. गंगी तिथंच थुंकली आणि निघाली.

अनंत दिवाळीआधीच वाळले, बजरंगची नोकरी गेली, आणि गंगीला त्याची कीवसुद्धा आली नाही. जाळं पुन्हा धरावं म्हणून तिनं त्या खरवडलेल्या ऐनाखाली भारेच्या भारे पाला आणून पसरला. पुढल्या पावसाळ्यात लेकीला, चिंगीला, घेऊन ती तो उचकायला गेली. खाली नुसता तांबडा मुरूम होता, जाळ्याचा एक तंतू नव्हता.

"कुनी खरवडलं गं ह्ये?" चिंगीनं विचारलं.

बजरंगचं नाव गंगीच्या ओठांवर आलं होतं. पण इथं बजरंग कधी चढलाच नव्हता. तिला स्वतःच्याच हातांची किळस आली.

"म्या," ती म्हणाली. मग शेजारच्या ऐनाकडं बोट करून म्हणाली, "त्येच्याखाली हात घालू नगं. आन् मलाबी घालू द्यू नगं."