कोऱ्या पातीचे कब्जे

बिजागरीला आमच्या गडचांदुरात कब्जा म्हणतात. तीन पिढ्या आम्ही कब्जे, कड्या, कुलपं विकतो. तरी मी जो गाढवपणा केला, तो ऐकून अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आलापल्लीच्या पुढं जंगलातल्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत उभी राहिली होती. दारं सागवानी, एक उचलायला चौघं लागावीत अशी. कब्ज्यांचं काम माझ्याकडं आलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. म्हटलं, चंद्रपूरच्या व्यापाऱ्याचे कशाला पाय धरायचे, थेट चीनमधूनच मागवू. गडचांदुरातून असं करणारा पहिला मीच! वसतिगृहाच्या वार्डनबाईंना छातीठोकपणे सांगितलं, "बाई, शाळा उघडायच्या आत दारं लागतील. माझा शब्द आहे."

नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. बाहेरून येणाऱ्या कब्ज्यांवर आता आयएसआयचा छाप लागतोच, आणि तो मारायचा परवाना माल बनवणाऱ्या कारखान्याकडं असावा लागतो. परवान्याचाच कारखाना शोधला, कागद दहादा तपासले. पण आमच्याकडचे मिस्त्री! कब्ज्याच्या पातीवर, म्हणजे दाराला ठोकायच्या पट्टीवर, अक्षरं असली की पॉलिशचा बोळा अडकतो, काळं साचतं, म्हणून ते कानशीनं छाप घासून पात आधी कोरी करतात. आमचे म्हातारे मिस्त्रीचाचा तर एकेका कब्ज्यामागं मला एकेक शिवी हासडायचे. त्यांचे हात वाचावेत म्हणून मी शहाण्यानं कारखान्याला कळवलं, छाप खोक्यावर मारा, पात कोरी ठेवा. त्यांनी परत विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

माल मुंबईच्या बंदरात अडकला. तो सोडवणाऱ्या एजंटचा फोन आला.

"भाऊ, मालावर छाप कुठाय?"

"खोक्यावर आहे ना!"

"मग दाराला काय खोकी ठोकणार?"

मी भडकलो, विनवण्या केल्या, इथंच छाप मारून घेतो म्हणालो. तो म्हणाला, "भलतंच काय बोलता? परवाना त्यांचा, छाप त्यांनीच मारायचा. माल परत पाठवा, नाहीतर भंगारात काढा." बंदरातले माल तपासणारे साहेब नियमानंच चालले होते, पण तेव्हा मला सगळी दुनिया दुश्मन वाटत होती. छाप मारून आणायला माल परत पाठवला.

तेवढ्यात शाळा उघडली. बाईंचा फोन आला, "भाऊ, पोरी आल्या." मी म्हणालो, "बाई, माल रस्त्यात आहे." रस्त्यात होताच तो, फक्त उलट्या दिशेनं. असं मी दोन महिने सांगत राहिलो.

शेवटी मिस्त्रीचाचा चिडले, "मले घेऊन चाल तिकडे. पाहू दे काय हाल आहेत."

गेलो. "जय भीम, भाऊ," म्हणत बाई पुढं झाल्या, चहा ठेवला, एका शब्दानं रागावल्या नाहीत. मग खोल्या दाखवल्या. दारं भिंतींना टेकून उभी. कपडे बदलायचे असले की चार पोरी मिळून दार उचलून चौकटीला लावायच्या आणि आतून पाठीनं रेटून धरायच्या. एक सहावीतली मुलगी कॉटवर बसली होती, पायाला पट्टी. दार निसटून तिच्या बोटांवर पडलं होतं.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"असे कब्जे इथी भेटतच नाई का, भाऊ?" बाईंनी सरळ विचारलं.

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "भेटतात, बाई. चंद्रपुरात. पहिल्या दिवसापासून भेटत होते."

"मंग काऊन थांबलो आपण?"

"आपण" म्हणाल्या त्या. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चंद्रपूरचे कब्जे घेऊन आलो, छापासकट. चाचांचा हात सवयीनं कानशीकडं गेला. पट्टीवाली मुलगी कॉटवरून बघत होती. "राहू द्या, चाचा," मी म्हणालो, "आधी दार लावा."

पहिलं दार तिच्याच खोलीचं लावलं. ती लंगडत आली, आम्हाला बाहेर व्हायला सांगितलं आणि आतून कडी घातली. मग तिनं ती काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. बाहेर मला तोंड लपवायला जागा नव्हती.