धामण, दिवड आणि कवड्या

केळीच्या पॅकिंग शेडमध्ये उभे राहून मी एका निरपराध माणसावरचा संशय पक्का केला आणि चूक कळल्यावरही गप्प राहिलो. हे मी कॉलेजात किंवा घरीही कधी बोललो नव्हतो.

मी बुऱ्हाणपूरला प्राणिशास्त्र शिकवतो. शहराबाहेरच्या त्या शेडमध्ये लागोपाठ तीन साप निघाले, म्हणून मालक शेठजींनी मला बोलावले. गोदामात धामण, पाण्याच्या हौदात दिवड, ऑफिसच्या भिंतीवर कवड्या. तिन्ही बिनविषारी, पण मजूर बाया आत यायला तयार नव्हत्या.

"सर, तीन अलग-अलग जातीचे साप, एकाच शेडमध्ये. आपोआप येतात काय?" शेठजींनी चौकीदाराकडे पाहत विचारले. "गोणी तर याच्याच हातात असते."

चौकीदार सुपडू साप धरून गोणीत घाली आणि तापीकाठी सोडून येई. सुट्टीवरून त्याचे शेठजींशी नुकतेच वाजले होते.

"शेठ, मी साप नेतो. आणत नाही."

मी गोणीकडे पाहिले. सर्वांसमोर म्हणालो, "तीन प्रकार एकत्र सापडणे स्वाभाविक वाटत नाही."

सुपडूची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

पुढे वर्गात मी कोलुब्रिडी, म्हणजे सापांचे सर्वांत मोठे कुळ, शिकवत होतो. "जवळजवळ जगभर पसरलेले. कोणी झाडावर, कोणी पाण्यात, कोणी मातीखाली. कोणी अंड्यांवर जगतो, कोणी गोगलगायींवर. प्रत्येकाचे ताट वेगळे, म्हणून एकाच जागी अनेक जाती नांदतात." इथे माझा खडू थांबला. धामणीला गोदामातले उंदीर, दिवडीला हौदातले बेडूक, कवड्याला भिंतीवरच्या पाली. हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो.

काही दिवसांनी शेठजींचा फोन आला. "सर, सुपडू गेला, तरी धामण निघालीच!"

"हौद झाका. उंदरांचा बंदोबस्त करा," मी म्हणालो. पुढचे वाक्य गिळले.

यंदा सुपडू शहरातल्या लोधीपुऱ्यात एका गल्लीत भेटला. मी त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात माफी मागितली. तो हसला.

"वा सर! आरोप भरल्या शेडमधी, अन् माफी गल्लीत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शेडमध्ये गेलो. शेठजी खुर्चीतून अर्धवट उठले. बाया केळीच्या फण्या धूत होत्या. मी बोलू लागलो, तशी एक म्हणाली, "जोरानं बोला ना सर, पंखा चालू आहे."

तज्ज्ञाने सापाची जात ओळखावी; माणसाची नियत ओळखायला जाऊ नये. एवढे शिकायला मला फार उशीर लागला. मी आवाज चढवला.

"ते साप आपापल्या भुकेने आले होते. सुपडूभाऊंनी एकही आणला नव्हता. मला हे कळले होते, तरी मी गप्प बसलो. सुपडूभाऊ, मला माफ करा."