मास्तरांची त्सुनामी आणि धोंडुबाईंचा बांध

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावावर त्सुनामी आली. ती मी आणली होती.

डिसेंबरअखेर टीव्हीवरची ती भयंकर चित्रं पाहून सगळ्यांचीच वाचा बसली होती. सर्वांत आधी परत आली ती माझी. मी पेणच्या शाळेत भूगोल शिकवायचो, खाडीपासून लांब डोंगराकडच्या वरश्याहून ये-जा करायचो. माझा समुद्र सगळा पुस्तकातला. शाळेचा शिपाई विठू मला भाषणाला आपल्या गावी घेऊन गेला. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी देवळापुढे मी पाण्याने भरलेल्या परातीला खालून ठोसा मारला.

"सुमात्राजवळ समुद्राचा तळ असा एकदम उचलला गेला! भर समुद्रात लाट हातभर, पण वेग विमानाचा. किनाऱ्याशी तीच माडाएवढी होते. पुष्कळदा तिच्याआधी पाणी मागं हटतं. ते दिसलं की पळायचं!"

परातीतलं निम्मं पाणी सरपंच हैबतरावांच्या धोतरावर गेलं. विषय चांगलाच ठसला.

मागून विठूची म्हातारी आई, धोंडुबाई, म्हणाली, "लाट गेल्याव शेताचं काय व्हतं?"

"आजी, आधी जीव, मग शेत," असं म्हणून मी टाळ्या घेतल्या.

रात्री विठूकडेच राहिलो आणि सकाळी सातला खाडीच्या बांधावर फिरायला गेलो. खाडीत पाणीच नव्हतं! नुसता चिखल चकाकत होता, होड्या कुशीवर पडल्या होत्या. बावीस वर्षं भरती-ओहोटी पाच मार्कांना शिकवणारा मी, गळ्यातला पंचा फडकवत गावाकडे सुटलो. "पाणी मागं गेलं! पळा!"

त्या सकाळी बांधावर घरटी एक माणूस जमत होता. खेकड्याने पाडलेल्या बिळातून खारं पाणी शेतात झिरपत होतं. ओहोटी आहे तोवर चिखलाचे गोळे थापून ते बुजवायचं, नाहीतर अमावास्येच्या उधाणात बांध फुटायचा. ओहोटी त्यांच्या रोजच्या ओळखीची, पण आदल्या संध्याकाळची परात डोक्यात ताजी; माझी आरोळी ऐकली आणि घमेली तिथंच टाकून सगळे टेकडीवर. हैबतराव पहिले, मी दुसरा.

टेकडीवर तास गेला, दोन गेले.

"मास्तर, लाट किती वाजता?" हैबतरावांनी विचारलं.

"आवो, ती काय एस्टी हाय?" विठूची बायको हौसा म्हणाली.

अकराच्या सुमाराला खाडी हळूहळू, अगदी शिस्तीत भरून आली. विठू माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही आपली रोजचीच भरती, मास्तर." लोक हसू लागले. मीही हसणार, तेवढ्यात हौसा किंचाळली, "आत्याबाय कुठं हाय?"

आम्ही धावत खाली आलो. जे दिसलं त्याने माझी वाचा पुन्हा बसली. बिळाचं भगदाड झालं होतं आणि खाडीच्या अंगाने त्यात पाठ रोवून धोंडुबाई बसली होती. भोवती पेंढा आणि चिखल कोंबलेला. पाणी गळ्याशी. ओठ निळे. पुरुषांनी आतल्या बाजूने भराभरा माती लोटली, भगदाड बुजलं, तेव्हा कुठं तिने वर ओढून घ्यायला हात पुढे केले. आत शेत कोरडं होतं.

तिला गोधडीत गुंडाळलं, तेव्हा विठू हळूच म्हणाला, "आय नवी नवरी व्हती तवा बांध फुटलावता. जमिनीत मीठ मुरलं, तीन वरसं भाताचं एक पान उगावलं नाय. तिनं मिठागरात मीठ ओढलं. माजा थोरला भाऊ त्याच सालांत गेला, उपाशी."

मला टीव्हीवरचे ते किनारे आठवले. लाट परत गेली की तिथल्या शेतांतही हेच मीठ मागे राहिलं असणार. माझ्या परातीत ते नव्हतं.

धोंडुबाई चहाची बशी फुंकत होती. मी विचारलं, "आजी, खरंच लाट आली असती तर? पळाला का नाहीत?"

तिने मला पंच्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"पळून खाऊ काय, मास्तर, मीठ?"