जमुनाबाईची धावणारी पोर

नवेगाव बांध या आमच्या गावी शेजारी जमुनाबाई राहते. वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जाते. नवरा वारल्यावर एकटीने पोर वाढवली, खुशबू. जमुनाबाई मुळातच कमी बोलणारी. शनिवारी मारुतीला आम्ही सोबत जातो, तेव्हाही वाटेत तिचं तोंड मिटलेलंच.

खुशबू धावायची. २००८ साली, दहावीत असताना, ती जिल्ह्यात पहिली आली आणि नागपूरच्या निवड चाचणीसाठी तिचं नाव लागलं. शाळेतल्या सरांनी सांगितलं, भाताने अंग जड होतं, भात सोड. आमच्याकडे भात सोडला तर ताटात उरतं काय? पोर आईला काही बोलली नाही. भात वाढून घ्यायची आणि परसात जाऊन कोंबड्यांना टाकायची. मीच एकदा म्हटलं होतं, "जमुना, कोंबड्याइले काय चारून राहिली वो? लई माजल्या."

मग पोरीची पाळी थांबली. एक महिना, दोन, तीन. जमुनाबाईच्या मनात जे आलं ते गावातल्या कोणत्याही आईच्या मनात आलं असतं. पोळा झाला होता, चाचणी तोंडावर आली होती. तिने पोरीचे बूट पेटीत टाकून कुलूप लावलं. मी तेव्हा ओसरीवरच होते.

"कोन आहे तो?"

"कोन?"

"मले शिकवू नोको. ग्राउंडवर कायले जाते, समजते मले."

"धावालेच जातो, माय."

"दुसऱ्या पोरी बी धावतात. त्याइची नाई बंद झाली."

खुशबूने आईकडे पाहिलं. मग ती परसात निघून गेली.

चाचणी खुशबूशिवायच होऊन गेली. त्यानंतर आम्ही तिघी गोंदियाला बाईडॉक्टरकडे गेलो. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेट से नहीं है, भूखी है. इतना दौड़ती है और खाती कुछ नहीं, इसीलिए बंद हुआ. चावल दो, दाल दो, अंडा दो."

जमुनाबाईने मान हलवली. घरी येऊन तिने पेटी उघडली आणि बूट पोरीपुढे ठेवले.

"जाय उद्यापासून."

"आता कायले?"

सरांचे निरोप आले. खुशबू गेली नाही. वाढलं तेवढं सगळं जेवायची, भातसुद्धा. घरात दोघीच, आणि बोलणं बंद. मी जमुनाबाईला म्हटलं, पोरीला जवळ घे, दोन शब्द बोल.

"मले काही वाटूनच नाई राहिलं, बाई," ती म्हणाली. "हात चालून राहिले, तेवढंच."

रडलीही नाही.

देवाच्या दयेने पोर हळूहळू भरली. दिवाळीनंतर एका सकाळी मी विरजण मागायला गेले होते. जमुनाबाई चुलीपुढे होती. खुशबू मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"माय, पाळी आली," ती म्हणाली.

"बरं," जमुनाबाई म्हणाली, आणि चुलीवरचा भात खाली उतरवला.