चिऊचे शब्द मोजताना झालेली चूक

मैत्रिणींनो, आज माझ्या हातून एक चूक झालीय.

सकाळी मानसशास्त्राचं पुस्तक समोर ठेवून मी भावाच्या दीड वर्षाच्या मुलीचे, चिऊचे शब्द मोजले. चारच भरले. काळजीनं बोलून गेले, "वहिनी, चिऊ बोलण्यात मागं वाटतीय."

वहिनीचं माहेर कर्नाटकातलं. लेकीशी ती कन्नडच बोलते. आई लगेच तिला म्हणाली, "तुझ्या कानडीनंच घोळ झाला असंल. आता मराठीतच बोल."

वहिनी मराठी बोलताना अडखळते. त्यामुळं दुपारपर्यंत ती चिऊशी जवळजवळ बोललीच नाही.

जेवायच्या वेळी चिऊनं तिचा पदर ओढला. "अव्वा, हालु!"

वहिनी घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली, "दूध म्हण बाळा, दूध." चिऊ रडायलाच लागली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अव्वा म्हणजे आई, हालु म्हणजे दूध, आणि चिऊ रोज म्हणते ते नीरु म्हणजे पाणी. मी फक्त मराठी शब्द मोजले होते! पोरगी तर दोन भाषा शिकतेय.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "सकाळी तूच म्हणलीस न्हाय का, मागं हाय म्हणून?" घरातली पहिली पदवीधर मी. माझं वाक्य मलाच खोडता येईना.

मग वहिनीनं हळूच विचारलं, "ताई, मग मी बोलू का तिच्याशी?"

स्वतःच्या लेकीशी बोलायला ती माझी परवानगी मागत होती. "बोल गं, लई बोल," म्हणाले मी. पण अजूनही ती चिऊशी कुजबुजतच बोलतेय.

तिचा आवाज पुन्हा मोकळा व्हायला मी काय करू? सांगा ना.